जुआंव फ्रांको : हिशेब उघडला, संसद बंद केली

गोव्यावर लिस्बनच्या गादीचा अंमल होता, त्या राजेशाहीच्या शेवटच्या काळात जुआंव फ्रांको हे नाव खूप गाजलं. जन्म १८५५चा. कोईंब्रात कायद्याचं शिक्षण, १८८४ मध्ये खासदारकी, पुढे अर्थ आणि गृह खात्याचं मंत्रिपद. दोन जुने पक्ष आळीपाळीने सत्तेवर येत. १९०१ मध्ये स्वपक्षाच्या नेत्याशी बिनसलं आणि फ्रांको यांनी वेगळी चूल मांडली.

मे १९०६ मध्ये ते पंतप्रधान झाले. राजघराण्याने सरकारी तिजोरीतून उचल घेतल्याचं त्यांनी संसदेतच मान्य केलं. प्रजासत्ताकवाद्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. वर्षभरात फ्रांको यांनी संसद बरखास्त करून वटहुकमांवर कारभार सुरू केला. उचलीचा हिशेबही वटहुकमानेच मिटवला. लोकांना तो पटला नाही.

३१ जानेवारी १९०८चा वटहुकूम विरोधकांना वसाहतींत हद्दपार करण्याचा होता. दुसऱ्याच दिवशी लिस्बनच्या चौकात राजा कार्लुश आणि युवराज गोळ्यांना बळी पडले. फ्रांको यांचं पद गेलं, देशही सोडावा लागला. १९१० मध्ये राजेशाही संपली. तिला वाचवायला निघालेले फ्रांको त्यानंतर १९ वर्षं जगले. १९२९ मध्ये त्यांचं निधन झालं.