चौदा अक्षरांत कोंडलेला नियम

पुलावरून मालगाडी जाते तेव्हा पोलादी तुळया किंचित वाकतात आणि गाडी पलीकडे गेली की पूर्ववत होतात. हे वाकणे किती असेल, हे अभियंता पूल बांधण्यापूर्वीच गणिताने सांगू शकतो. त्या गणिताच्या मुळाशी एक साधा नियम आहे : ठरावीक मर्यादेपर्यंत पदार्थाचे ताणले जाणे त्याच्यावरील बलाच्या प्रमाणात असते. बल दुप्पट, तर वाढही दुप्पट. शालेय पुस्तकांत हा नियम रॉबर्ट हूकच्या नावाने येतो. तो जगापुढे कसा आला, ही कथा मात्र तेथे नसते. वस्तुतः ज्ञान आणि मालकी यांच्या नात्याविषयी ती बरेच काही सांगून जाते.

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. ऑक्सफर्ड येथे शिकत असताना तो रॉबर्ट बॉइल या धनवान संशोधकाचा साहाय्यक झाला आणि बॉइलचा प्रसिद्ध हवेचा पंप त्याच्याच हातून आकारास आला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांचा व्यवस्थापक नेमले. सोसायटीचे बरेच सभासद सधन होते. विज्ञान हा त्यांचा व्यासंग होता. हूकला मात्र त्यावरच पोट भरावयाचे होते. १६६४ मध्ये सर जॉन कटलर या व्यापाऱ्याने हूकच्या व्याख्यानांसाठी वर्षाला ५० पौंड देऊ केले. तेव्हा सोसायटीने आपला वाटा ३० पौंडांवर आणला. पुढे कटलरने पैसे थकवले. न्यायालयाचा निकाल हूकच्या बाजूने लागला तो १६९६ मध्ये, कटलरच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

१६६० च्या सुमारास हूकच्या मनात स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळाची कल्पना होती. समुद्रावर अचूक वेळ दाखवणाऱ्या घड्याळाला त्या दर्यावर्दी देशात मोठे मोल आले असते. त्याच्या सांगण्यानुसार, एकाधिकाराच्या मसुद्यात एक अट घालण्यात आली : जो कोणी या घड्याळात सुधारणा करील, त्याला त्या सुधारणेचा लाभ मिळावा. ही अट हूकला मानवली नाही. त्याने बोलणी मोडली आणि स्प्रिंगचे रहस्य स्वतःपाशीच ठेवले. १६७५ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तिआन हायगेन्सने आपले स्प्रिंगचे घड्याळ जाहीर केले, तेव्हा हूकचा संताप अनावर झाला.

पुढच्याच वर्षी त्याने एका पुस्तकाच्या शेवटी चौदा लॅटिन अक्षरे वर्णानुक्रमे छापली. शोध आपला आहे हे नोंदवायचे, पण तो कोणाला कळू द्यायचा नाही, अशी ती युक्ती होती. १६७८ मध्ये त्याने कोडे उलगडले. ती अक्षरे योग्य क्रमाने लावली असता, जसा ताण तसे बल, या अर्थाचे छोटे वाक्य तयार होत होते. हा नियम आपणास अठरा वर्षांपूर्वीच गवसला होता, असा दावाही त्याने केला. प्रयोग मात्र कोणालाही करता येण्यासारखे होते. वीस ते चाळीस फुटांची तार वर खिळ्याला बांधायची, खाली पारडे लावून वजने वाढवत जायचे आणि प्रत्येक वेळी तार किती लांबली हे मोजायचे.

असा नियम फार काळ कोंडून राहणे शक्यच नव्हते. फ्रान्समध्ये मारियोट स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. १८०७ मध्ये थॉमस यंगने पदार्थाच्या ताठपणाचे माप मांडले. १८२२ मध्ये कोशीने प्रतिबलाची, म्हणजे प्रत्येक एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बलाची, कल्पना गणिताच्या चौकटीत बसवली. मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल म्हणजे विकृती. या दोहोंच्या आधारे तारेवरून तुळईचे आणि तुळईवरून पुलाचे गणित करता येऊ लागले. त्या मसुद्यातील सुधारणेची अट हूकला नुकसानीची वाटली होती. त्याच्या नियमाला अमरत्व लाभले ते मात्र इतरांनी केलेल्या सुधारणांमुळेच.

१६७६ च्या त्याच पुस्तकात आणखी एक कोडे होते. दोन टोकांना टांगलेली साखळी ज्या आकारात लोंबते, तोच आकार उलटा केला असता दगडी कमान भक्कम उभी राहते, असा त्याचा अर्थ होता. हे कोडे हूकने हयातीत उलगडलेच नाही. त्याचा अर्थ १७०५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

१६६६ च्या आगीनंतर लंडनच्या पुनर्रचनेत मोजणीदार म्हणून हूकने पैसा पुष्कळ मिळवला. तथापि, आरंभीच्या असुरक्षिततेने लावलेली सवय सुटली नाही. ३ मार्च १७०३ रोजी तो वारला तेव्हा त्याच्या खोलीतील पेटीत हजारो पौंडांची रोकड सापडली. ज्याच्याशी त्याचे श्रेयावरून कडवट वाद झाले, तो न्यूटन त्याच वर्षी सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचे निर्विवाद अस्सल म्हणता येईल असे एकही चित्र उपलब्ध नाही.

हूक संशयी होता, भांडखोर होता, हे खरे. परंतु हा दोष एकट्या त्याचा मानणे अन्यायाचे होईल. ज्या व्यवस्थेत संशोधकाचे वेतन थकते आणि श्रेय अनिश्चित असते, ती त्याला ज्ञान लपवून ठेवण्यास शिकवते. ज्ञान खुले व्हावे असे ज्या समाजाला वाटते, त्याने ते निर्माण करणाऱ्याची भाकरी आधी सुरक्षित केली पाहिजे.