तीन बाजूंचा माणूस

मोटारीच्या एका इंजिनाला ज्याचं नाव कायमचं चिकटलं, त्या फेलिक्स वांकेलकडे गाडी चालवण्याचा परवाना कधीच नव्हता. दृष्टी फार अधू होती. इंजिनिअरिंगची पदवी तर सोडाच, कॉलेजची पायरीही तो चढलेला नव्हता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेल्या मला याचं नवल वाटलं नाही. बिनपदवीचे, पण लोखंडाची नाडी ओळखणारे मिस्त्री आमच्याकडे गल्लोगल्ली होते. पुढे आखातात एका गॅरेजमध्ये नोकरी करताना माझदाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या स्पोर्ट्‌स गाड्यांची इंजिनं उघडायची वेळ आली आणि या माणसाच्या आयुष्याविषयी कुतूहल जागं झालं.

वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ चा, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला असलेल्या लार गावचा. वडील जंगल खात्यात होते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच ते कामी आले. एकुलत्या एका मुलाला घेऊन आई हायडलबर्गला आली. १९२१ साली शाळा सुटली आणि पोरगा एका पुस्तक-प्रकाशकाकडे उमेदवारीला लागला. १९२४ मध्ये त्याने स्वतःचं छोटंसं वर्कशॉप थाटलं. डोक्यात ध्यास एकच : पिस्टन वरखाली करण्याऐवजी गोल फिरतच राहील असं इंजिन!

आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो. त्या हिसक्यांतच बरीच थरथर होते. वांकेलच्या इंजिनात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फिरतो. त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात. हवा-पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं प्रत्येक कप्पा फिरता फिरता उरकतो. व्हॉल्व्ह नाहीत. इंजिन लहान, हलकं आणि घड्याळासारखं गुळगुळीत चालणारं.

मग अडचण कुठे? फटीत. रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक पातळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. ती सतत भिंतीवर घासत राहिली पाहिजे आणि तरीही झिजता कामा नये. ती उचलली की दाब शेजारच्या कप्प्यात निसटतो. वांकेलचं निम्मं आयुष्य ही फट बुजवण्यात गेलं. पेटलेल्या वायूचा दाबच सीलला भिंतीशी रेटू शकतो, हे त्याने ओळखलं होतं.

पण या आयुष्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. विसाव्या वर्षीच, १९२२ साली, तो हिटलरच्या नाझी पक्षात शिरला. पुढे बाडेन प्रांतातला पक्षाचा पुढारी रॉबर्ट वाग्नर याच्याशी त्याचं बिनसलं. १९३३ मध्ये वाग्नरने त्याला काही महिने तुरुंगात डांबलं. एवढं होऊनही डोळे उघडले नाहीत. हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केप्लर याच्या वशिल्याने तो सुटला. पुढे सरकारी पाठबळावर लिंडाऊ इथे त्याने वर्कशॉप उभारलं आणि लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठी काम केलं. १९४० साली तो एसएस या संघटनेत दाखल झाला, १९४२ मध्ये तिथून त्याला काढण्यात आलं. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी वर्कशॉप मोडलं आणि त्याला कैद केलं.

१९५१ मध्ये नेकार्सुल्मच्या एनएसयू कंपनीशी करार झाला आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिलं इंजिन चाललं. त्यात रोटरबरोबर बाहेरचं घरही फिरायचं. प्लग बदलायचा तर इंजिनच खोलावं लागे! कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने घर स्थिर ठेवून सोपी रचना केली. वांकेलला ती रुचली नाही, पण गाड्यांत बसली ती हीच. १९६४ ची एनएसयू स्पायडर ही बाजारात आलेली पहिली वांकेल गाडी. १९६७ च्या आरओ ८० गाडीची सीलं मात्र लवकर झिजली आणि हमीपोटी इंजिनं बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली.

जपानच्या माझदाने १९६१ मध्ये परवाना घेतला, तेव्हा हाउसिंगच्या भिंतीवर ओरखडे उठत. तिथल्या लोकांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव दिलं होतं. केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बन-ॲल्युमिनियमची सीलं वापरून त्यातून वाट काढली. १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट आली आणि १९९१ साली माझदाच्या रोटरी गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

वांकेलने १९७१ मध्ये आपल्या कंपनीचे हक्क दहा कोटी मार्कांना विकले. प्राण्यांवरचे प्रयोग कमी व्हावेत म्हणून त्याच्या नावाने संशोधन-पुरस्कार सुरू झाला. मुक्या जिवांसाठी कळवळणारा हा माणूस कधीकाळी एसएसमध्ये होता, हे कोडं मला सुटलेलं नाही. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडलबर्गला तो वारला. आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं. २०२३ मध्ये माझदाने एमएक्स-३० गाडीत बॅटरी चार्ज करण्यासाठी रोटरी पुन्हा आणली.

या गाड्या सांभाळायच्या तर काही पथ्यं पाळावीच लागतात. सीलांना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन थोडं ऑइल मुद्दामच जाळतं, तेव्हा डिपस्टिक वरचेवर पाहायची. गार इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही, प्लग पेट्रोलने भिजतात. इंजिन तापू द्यायचं नाही, पाण्याची सीलं जातात. आणि कॉम्प्रेशन साध्या गेजने मोजायचं नाही. ते सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतं, त्यामुळे दोन चांगल्या कप्प्यांआड तिसरा खराब कप्पा लपतो. तिन्ही आकडे वेगवेगळे घ्यावे लागतात.

हाताखालच्या पोरांना मी वांकेलविषयी सांगतो तेही असंच. त्याच्या हुशारीचा आकडा मोठा आहे, म्हणून बाकीचे दडवायचे नाहीत.