जेआरडी टाटांनी उड्डाणाचा अनुभव कसा कमावला?

गडहिंग्लजमधून पायलट व्हायचं स्वप्न पाहताय? मग जेआरडींचा प्रवास वाचा.

मुंबईत विमान शिकलेल्या जेआरडींना १० फेब्रुवारी १९२९ रोजी, २४व्या वर्षी, भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १९३० मध्ये आगा खान स्पर्धेसाठी ते कराचीहून एकटेच लंडनकडे निघाले. वाटेत इजिप्तमध्ये अडकलेले प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर यांना त्यांनी आपले जादा स्पार्क प्लग दिले. अस्पी थोडक्यात जिंकले. पण एकट्यानं केलेलं ते लांबचं उड्डाण कामी आलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं.

आज कमर्शियल परवान्यासाठी २०० तास लागतात, त्यातले १०० विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन. जेआरडींच्या पाठीशी घरचा पैसा होता. आज अनेकांना हे तास कर्ज काढून मिळवावे लागतात.