पहाटेच्या गाण्यांची विठा

विठाबाई नारायणगावकरांचं नाव निघालं की आधी बाळंतपणाची गोष्ट निघते. दिवस भरलेले असताना विठा बोर्डावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, ती मागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला उभी राहिली. ही गोष्ट महाराष्ट्राने इतक्या वेळा सांगितली की सांगणाऱ्याला आता तिची लाजही वाटत नाही. ओली बाळंतीण नाचायला उभी राहते, ती हौसेने नव्हे. पुढ्यात प्रेक्षक बसलेला असतो आणि मागे फडाची पन्नास-साठ पोटं.

आमच्या निमगाव सावात मात्र जुनी माणसं विठाबाईंचा विषय निघाला की या गोष्टीच्या वाटेला जात नसत. ती भांडायची गाण्यांवरून. जी लग्नाच्या बँडवर वाजली, ज्यांवर कॉलेजातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्या लावण्यांवरून नव्हे. त्यांचं भांडण एखाद्या गवळणीवरून, वगाच्या मधल्या प्रवेशातल्या एखाद्या पदावरून. अमक्या साली जत्रेत तिने ते पूर्ण म्हटलं की अर्ध्यावर सोडलं, यावर मारुतीच्या पारावर दोन म्हातारे महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. ही आवड मला लहानपणी कळत नसे. आता थोडी कळते.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. विठोबाच्या गावी जन्मली म्हणून विठा. घराणं खुडे. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने गाजलेला. जात फडाच्या पाटीवरच लिहिलेली असे. त्या काळी तमाशाच्या पाट्यांवर ती लिहीतच, आणि ज्या गावात त्या फडाला रात्री डोक्यावर घेत, त्याच गावात दिवसा पाण्याला कुठे जायचं हे फडातल्या बायकांना कुणी तरी बोटाने दाखवत असे. विठाचं शाळेत मन रमलं नाही. गण, गवळण, लावणी हीच तिची बाराखडी. ती वाढत होती त्याच सुमाराला, स्वातंत्र्यानंतर लगेच, मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. पुढे सुधारणेची समिती नेमली आणि तपासून घेतलेल्या तमाशाला पुन्हा वाट दिली. विठाने बोर्डावर जम बसवला तो या धामधुमीनंतर.

मग नाव झालं. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी सीमेवरच्या जवानांपुढे तिचा तमाशा झाला. चित्रपटांतही ती दिसली. हे सगळं छापून आलेलं आहे, मी त्यात भर घालत नाही.

मला सांगायचं आहे ते रात्रीच्या उत्तरार्धाबद्दल. ज्यांनी पूर्वीचा तमाशा पाहिला नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगतो. आधी गण, मग मावशी आणि पेंद्याच्या गमतीची गवळण, मग रंगबाजी. रंगबाजीत लावण्या आणि पुढेपुढे सिनेमाची गाणी. इथे फर्माईश आणि दौलतजादा, नोटा इथेच उडायच्या. हे आटोपेपर्यंत मध्यरात्र उलटे. पोरंटोरं पेंगत, टगे लोक घरी जात. उरत ती खरी माणसं, आणि मग वग लागे. वगातली पदं फडाच्याच शाहिराने त्या प्रसंगासाठी रचलेली. ती दुसऱ्या फडात सापडत नसत आणि त्यांची तबकडीही निघत नसे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात. वगातलं एक पद झिलकऱ्यांनी ओढून धरलं, ढोलकीवाल्याला चेव आला की पाव तास सहज जाई.

सत्तरच्या दशकात, मी दहा-बारा वर्षांचा असताना, अशीच एक पहाट पाहिली. वडिलांच्या घोंगडीत मी झोपलो होतो, जाग आली ती आवाजाने नव्हे, शांततेने. ढोलकी थांबली होती. फक्त तुणतुणं चाललं होतं आणि विठाबाई जवळजवळ न हलता उभी राहून गात होती. पायात चाळ होते, पण वाजत नव्हते. पद कोणतं ते मला आठवत नाही. वडिलांनी डोळे पुसले, ते आठवतं, कारण आजी गेली तेव्हाही त्यांनी पुसले नव्हते.

पुढे मी बँकेत लागलो. एका शाखेत असताना एक फडमालक कर्ज मागायला आले. कलाकारांना उचल द्यायची होती, तंबू जुना झाला होता, गाडी दुरुस्तीला आली होती. आमच्या फॉर्मात पत्त्याचा रकाना होता, आणि या माणसाचा पत्ता रोज रात्री बदलायचा. तारण काय, तर पुढच्या हंगामातल्या जत्रांच्या सुपाऱ्या. नामंजुरीचा शेरा माझ्याच हस्ताक्षरात आहे. ते गृहस्थ नमस्कार करून सावकाराकडे गेले. नियमाने मी बरोबर होतो.

विठाबाईंचं आयुष्य याच व्यवहारात गेलं. दसऱ्याला फड बाहेर पडायचा, वैशाखात परतायचा, पावसाळा उचलीवर काढायचा. मुली कर्त्या झाल्या, त्यांतल्या मंगला बनसोडे स्वतःचा फड घेऊन नावारूपाला आल्या. पण म्हातारपणी विठाबाईंच्या हाती पैसा उरला नाही. शेवटच्या आजारात दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीवर भागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. नंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, हे चांगलंच झालं.

गाण्यांचं मात्र काय झालं? रात्री दहानंतर भोंग्याला बंदीचा नियम आला, परवानगी वाढवून मिळाली तरी पहाटेपर्यंत कुठली मिळायला. वेळ कापायची तर वगच कापला जातो, कारण रंगबाजीला हात लावला तर प्रेक्षक तंबू डोक्यावर घेतील. आजही पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रा ठरवायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न नाचणाऱ्या मुली किती, हाच असतो. पंचांना तरी काय बोलावं. त्यांना वर्गणी देणाऱ्यांना तोंड द्यायचं असतं.

निवृत्तीनंतर मी गावात येऊन-जाऊन राहू लागलो, तेव्हा पारावरच्या त्या दोघांतले एक अजून होते. त्यांना विठाबाईंची एक गवळण येत होती, पण फक्त शेवटची कडवी. सुरुवात का येत नाही म्हणून विचारलं, तर कळलं की रात्रीच्या पाळीचं पाणी कांद्याला देऊन ते तमाशाला पोचायचे, आणि तोवर गवळण अर्धी झालेली असायची. सुरुवात येत होती ती त्यांच्या भांडकुदळ दोस्ताला, आणि तो गेलेला. दोस्ताच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला दोन कडवी येत होती, तिने ती भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणून दाखवली. आयुष्यात ती कधी तमाशाला गेली नव्हती. नवऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ झालेली.

दोन्ही मी पैसे भरण्याच्या जुन्या स्लिपांच्या पाठीवर उतरवून घेतली आहेत. मधलं एक कडवं सापडत नाही. कुणाला येत असलं तर निमगावात मारुतीच्या पारावर येऊन सांगावं.