हुकूमशहांची झोप उडविणारा कुंचला : डेव्हिड लो

दैनिक हातात पडले की अग्रलेख वाचणारे थोडे. पण व्यंगचित्रावर नजर टाकल्याशिवाय पान उलटणारा विरळाच. त्या एवढ्याशा चौकोनाला अग्रलेखाच्या बरोबरीचे वजन ज्यांनी मिळवून दिले, त्यांत डेव्हिड लो याचे नाव फार वरचे आहे. ज्या हिटलरपुढे मोठमोठे मुत्सद्दी जपून बोलत, त्याच्या सरकारला लंडनच्या एका सायंदैनिकातील या माणसाच्या रेघोट्या सहन होईनात. हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे.

लोचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. बालपण ख्राइस्टचर्चला गेले. त्याचा थोरला भाऊ पोटाच्या विकाराने वारला, आणि अतिअभ्यासाने पोराची प्रकृती खालावली म्हणूनच हे झाले असे आईवडिलांच्या मनाने घेतले. त्यांनी डेव्हिडला शाळेतून काढून घेतले! आमच्याकडे शाळा सुटते ती फीच्या पैशांमुळे किंवा शेतावर हात कमी पडतात म्हणून. माझ्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच, तेव्हा अभ्यास फार झाला म्हणून शाळा सुटलेल्या या मुलाचे मला नवल वाटले. पण शाळा सुटली तरी शिक्षण थांबले नाही. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे जुने अंक मिळवायचे, त्यातील नामांकित चित्रकारांची रेघ न् रेघ गिरवायची, हाच त्याचा अभ्यासक्रम. अकराव्या वर्षी त्याचे चित्र विलायतेतील एका नियतकालिकात छापून आले. अठरा वर्षांचा होण्याआधीच तो गावच्या वृत्तपत्रात राजकीय चित्रे काढू लागला होता.

१९११ साली तो ऑस्ट्रेलियात ‘बुलेटिन’ या साप्ताहिकात गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील पंतप्रधान बिली ह्यूज हे त्याला जणू दैवाने दिलेले गिऱ्हाईक मिळाले. अंगाने किरकोळ, आवाजाने दणदणीत असा हा गृहस्थ लोने इतक्या परींनी रंगविला की १९१८ साली त्या चित्रांचे पुस्तकच निघाले आणि हातोहात खपले. ते लंडनपर्यंत पोचले, आणि त्यामागून १९१९ साली खुद्द लोही ‘स्टार’ या पत्राच्या बोलावण्यावरून तेथे गेला. तेव्हाच्या संयुक्त मंत्रिमंडळाला त्याने दोन्ही टोकांना डोके असलेल्या गाढवाचे रूप दिले. असे गाढव चालणार कोणीकडे, हे कोणाला समजावून सांगायची गरजच नव्हती.

खरी परीक्षा १९२७ नंतरची. लॉर्ड बीव्हरब्रुक हा धनाढ्य मालक लोच्या मागे लागला होता. बीव्हरब्रुक कट्टर साम्राज्यवादी, तर लोचा ओढा डावीकडे. लो लगेच बधला नाही. चित्रातील मत माझे राहील, पत्राच्या धोरणाशी ते जुळले नाही तरी चालेल, हे कबूल करून घेऊनच तो ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये शिरला. मग अग्रलेखात एक मत आणि शेजारच्या चित्रात त्याच्या उलट, असा प्रकार वाचकांना वारंवार पाहायला मिळे. खुद्द मालकालाही त्याने चित्रांत ओढले. ज्याची भाकरी खायची त्याचीच टोपी उडवायची, याला धाडस लागतेच. पण ती उडवू देणाऱ्या मालकालाही थोडे श्रेय द्यावे असे मला वाटते.

१९३४ साली कर्नल ब्लिम्प जन्मला. लंडनच्या एका स्नानगृहात लोने दोन गृहस्थांचे बोलणे ऐकले म्हणतात. घोडदळाला घोड्यांऐवजी रणगाडे मिळणार होते, तरी स्वारांना टाचेच्या आऱ्या लावण्याचा हक्क राहिलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. त्यातून टक्कल पडलेला, लोंबत्या मिशांचा, कमरेला टॉवेल गुंडाळून वाफेत उभा राहून तावातावाने मूर्खासारखे बोलणारा हा कर्नल निघाला. पुढे ब्लिम्प हा शब्दच इंग्रजीत रूढ झाला. साहेबी अमलात आपल्याकडेही असे ब्लिम्प थोडे नव्हते.

हिटलर सत्तेवर आल्यापासून लो त्याच्या पाठीस लागला. मात्र त्याने हिटलरचा राक्षस केला नाही. हुकूमशहाला राक्षस म्हटलेले आवडते, त्याने त्याचा दरारा वाढतो, असे लोचे मत होते. त्याने हिटलरला फुशारकी मारणारा, रुसणारा, हास्यास्पद माणूस करून टाकले. माझ्या आईला अक्षरओळख नाही, पण पुढाऱ्याचे व्यंगचित्र पुढे धरले की ती बरोबर जागी हसते. त्यावरून मला वाटते, की बर्लिनला धास्ती होती ती या हसण्याची. जर्मनीत त्याच्या पत्राला बंदी झाली. नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तेव्हा प्रचारमंत्री गोबेल्सने लोच्या चित्रांविषयी तक्रार केली. परत आल्यावर हॅलिफॅक्सनी लोला गाठून, शांततेसाठी जरा हात आखडता घ्यावा, अशी विनंती केली.

आणि लोने हात आखडता घेतला. त्याचे चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून ठेवू नये. हिटलर आणि मुसोलिनी यांची भेसळ करून त्याने ‘मझलर’ नावाचा एक बिननावाचा म्हणावा असा हुकूमशहा तयार केला आणि काही काळ त्यावर भागविले. शांतता आपल्यामुळे बिघडेल, हे ओझे एका चित्रकाराच्या डोक्यावर ठेवले गेले, तर तो काय करणार? पण मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, आणि लोने मुखवटा फेकून पुन्हा खरा हिटलर काढावयास घेतला.

२० सप्टेंबर १९३९ चे त्याचे चित्र जगप्रसिद्ध आहे. पोलंडवर दोन्ही बाजूंनी घाला पडला होता. चित्रात हिटलर आणि स्टॅलिन टोप्या काढून, कमरेत वाकून एकमेकांना नमस्कार करताहेत; शब्द शिव्यांचे, ढंग दरबारी, आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर प्रेत. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, तेव्हा खवळलेल्या समुद्रातील खडकावर उभा राहून, येणाऱ्या विमानांकडे मूठ उगारणारा एकटा शिपाई त्याने काढला. जर्मन फौजा इंग्लंडात उतरल्या असत्या तर ज्यांना पकडायचे होते, त्यांच्या यादीत लोचेही नाव होते, हे युद्धानंतर उघड झाले. १९४६ साली तो न्यूरेंबर्गला गेला आणि आरोपीच्या पिंजऱ्यातील गोअरिंग वगैरे मंडळी त्याने समोर पाहून रेखाटली.

पुढे ‘डेली हेरल्ड’ आणि १९५३ पासून ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रांत तो होता. आधी नाकारलेली ‘सर’ ही पदवी त्याने १९६२ साली स्वीकारली. १९ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

लोची चित्रे मद्रासच्या ‘हिंदू’ पत्रातही येत. म्हैसूरचा एक शाळकरी मुलगा ती मन लावून पाही. खालची इंग्रजी सही मात्र तो कित्येक दिवस ‘काऊ’ अशी वाचत होता, म्हणजे गाय! हा मुलगा म्हणजे आर. के. लक्ष्मण. पुढे ते मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये आले. तेथे त्यांच्याबरोबर बाळ ठाकरेही चित्रे काढीत, आणि तेही लोचेच चाहते होते. १९४७ साली लक्ष्मण ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि पन्नासहून अधिक वर्षे तेथे मंत्र्यासंत्र्यांची टोपी उडवीत राहिले.