भास्कराचार्य, लीलावती आणि पॉटच्या तिप्पट बेट: कॉल करायचा की फोल्ड?

आज नवीन फोन नाही, ॲप नाही. आज थेट बाराव्या शतकात जायचंय. पोकरमध्ये समोरच्याने पॉटच्या तिप्पट रक्कम लावली तर काय करायचं, याचं अर्धं उत्तर तिथे लिहून ठेवलंय.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. ही माहिती त्यांनी स्वतःच दिली आहे. गावाचं नाव विज्जलविड, सह्य पर्वताच्या आश्रयाचं. आम्ही बीडकर लहानपणापासून ऐकत आलोय की विज्जलविड म्हणजेच आपलं बीड. मी बीडचा असलो तरी मला चाळीसगावजवळच्या पाटणचा दावा जास्त भक्कम वाटतो. का, ते शेवटी सांगतो.

वडील महेश्वर ज्योतिषी होते, गणित त्यांच्याकडूनच शिकले. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, सिद्धांतशिरोमणी लिहून झाला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती ही त्यांची मुलगी, लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्रात मोती पडून भोक बुजलं आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पण ती आपल्यापर्यंत आली फैजीने १५८७ मध्ये अकबरासाठी केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशे वर्षांनी. गोष्ट छान आहे, पण मी तिच्यावर पैसे लावणार नाही.

खरी मजा आतल्या उदाहरणांत आहे. सहा रस एक-एक, दोन-दोन, तीन-तीन असे मिसळले तर किती चवी होतील? ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं किती प्रकारे बदलता येतील? ३६,२८,८०० प्रकारे. आम्ही कोडमध्ये जे लूप लावून मोजतो, ते या माणसाने एका ओळीच्या नियमात बसवलं.

आता पोकर

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच्या आधीची गोष्ट. कॉलेजच्या एका ज्युनिअरने मला स्क्रीनशॉट पाठवला. पॉट १००० चा, समोरच्याने लावले ३०००. याच्या हातात एक्का-राजा. टेबलावर राजा, गुलाम, सत्ती, चव्वी, दुर्री, फ्लश शक्यच नाही. ते ३००० त्याचे महिन्याच्या मेसचे होते.

पहिली पायरी त्रैराशिक. ३००० घातले की पॉट होतो ७००० चा. म्हणजे ७ वेळांपैकी किमान ३ वेळा जिंकायला हवं, सुमारे ४२.९ टक्के.

दुसरी पायरी, सहा रसांचा नियम. चार पत्त्यांतून दोन निवडायचे प्रकार ६, तीनांतून ३, दोनांतून १. याला हरवणारे हात मोजा. राजांची जोडी: एक राजा टेबलावर, एक याच्याकडे, उरले दोन, म्हणून १ प्रकार. गुलाम, सत्ती, चव्वी, दुर्रीच्या जोड्या प्रत्येकी ३, म्हणजे १२. एक्क्यांची जोडी ३. राजा-गुलाम २ गुणिले ३, म्हणजे ६. एकूण २२.

आणि ब्लफ? सगळ्यात सरळ ब्लफ म्हणजे सिक्वेन्स लागता लागता राहिलेला राणी-दश्शी: ४ गुणिले ४, म्हणजे १६. समोरचा फक्त हेच हात असे खेळतो असं धरलं, तर ३८ पैकी १६ वेळा आपण जिंकतो. ४२.१ टक्के. हवे होते ४२.९! बरोबरीला साडेसोळा ब्लफ लागतात, आणि आहेत सोळा. ३८ वेळा कॉल केला तर ६४,००० येतात, ६६,००० जातात.

पण हे सोळाच्या सोळा ब्लफ तो खरंच मारतो का? ओव्हरबेटची सगळी गोम इथे आहे. अनोळखी आयडी, मागचे हात माहीत नाहीत, आणि बहुतेक लोक एवढी मोठी रक्कम हातात दम असल्याशिवाय लावत नाहीत असा माझा अंदाज. मी म्हणालो, फोल्ड. त्याने केला. मग रात्रभर विचारत बसला की समोरच्याकडे काय असेल. फोल्ड केल्यावर पत्ते दिसत नाहीत भाऊ!

लीलावतीत प्रकार मोजलेत, पण कोणता प्रकार किती संभाव्य हे त्यात नाही. जुगाराच्या प्रश्नावरून ते गणित उभं राहिलं पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रांत. गंमत म्हणजे याच फर्माने १६५७ मध्ये ६१ या आकड्यावरून एक समीकरण आव्हान म्हणून टाकलं, ते भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने पाचशे वर्षं आधी सोडवून ठेवलं होतं. उत्तर १७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०. कॅल्क्युलेटरशिवाय!

६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिला. मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी, नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला, आणि १२०७ च्या सुमाराच्या तिथल्या शिलालेखात त्याला मिळालेली देणगी कोरलेली आहे. पाटणचा दावा भक्कम वाटतो तो यामुळे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी कोणी काय द्यायचं तो हिशेब मात्र जुन्या मराठीत.