पर्सिस खंबाटा : 'स्टार ट्रेक'साठी टक्कल करणारी मुंबईची मुलगी, जिच्या भूमिकेवर चाहते आजही वाद घालतात

१९७८ साल. हॉलिवूडच्या पॅरामाऊंट स्टुडिओत मुंबईची एक अभिनेत्री मेकअपच्या खुर्चीत बसली होती. समोर होते फ्रेड फिलिप्स, म्हणजे मिस्टर स्पॉकचे ते प्रसिद्ध टोकदार कान लावणारे मेकअपमन. त्या दिवशी त्यांच्या हातात कात्री आणि वस्तरा होता. थोड्या वेळात त्या अभिनेत्रीचे लांबसडक काळे केस जमिनीवर पडले आणि डोकं पूर्ण गुळगुळीत झालं.

ती होती पर्सिस खंबाटा. माजी मिस इंडिया, नावाजलेली मॉडेल.

भारतात आजही तिचं नाव निघालं की पहिली आठवण येते ती टकलाची. पण 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांना विचारलं तर ते वेगळ्याच गोष्टीवर तासन्‌तास बोलतात. तिच्या वाट्याला आलेलं पात्र वाया गेलं का? ती मालिकेत राहिली असती तर काय झालं असतं? आणि तिच्यासाठी लिहिलेली गोष्ट पुढे कोणाला मिळाली?

हे सगळं समजून घ्यायचं तर तिचं आयुष्य आणि त्या मालिकेचं आयुष्य, दोन्ही एकत्र पाहावं लागतं.

मुंबईची पारशी मुलगी

पर्सिसचा जन्म २ ऑक्टोबर १९४८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. ती जेमतेम दोन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. घर सांभाळायला उरली आई.

शाळकरी वयातच तिचे फोटो एका साबणाच्या जाहिरातीत झळकले आणि मॉडेलिंगची दारं उघडली. १९६५ मध्ये तिने फेमिना मिस इंडियाचा किताब जिंकला. ही स्पर्धा तेव्हा अगदी नवी होती, सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं.

त्याच वर्षी ती अमेरिकेत मायामी बीचला मिस युनिव्हर्ससाठी गेली. वयाची सतरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मुकुट थायलंडच्या स्पर्धकाला मिळाला, पण पर्सिसचं नाव झालं. पुढे एअर इंडिया, रेव्हलॉन, गार्डन वरेली अशा मोठ्या ब्रँडसाठी तिने मॉडेलिंग केलं.

सिनेमात तिला पहिली संधी दिली ख्वाजा अहमद अब्बास यांनी. १९६८ च्या 'बंबई रात की बाहों में' या चित्रपटात ती क्लबमध्ये गाणाऱ्या मुलीच्या भूमिकेत होती. हिंदी सिनेमात मात्र तिचा जम बसला नाही. ती परदेशात गेली. १९७५ मध्ये 'कंडक्ट अनबिकमिंग' आणि 'द विल्बी कॉन्स्पिरसी' हे दोन इंग्रजी चित्रपट आले. दुसऱ्यात तिच्यासोबत सिडनी पॉटिए आणि मायकल केन होते.

म्हणजे 'स्टार ट्रेक'पर्यंत पोहोचली तेव्हा ती नवखी नव्हती. पण तिला घराघरांत पोहोचवणारी भूमिका अजून मिळायची होती.

बंद पडलेली मालिका परत कशी आली?

आता थोडं मागे जाऊ.

'स्टार ट्रेक' ही मालिका जीन रॉडनबेरी यांनी तयार केली. ८ सप्टेंबर १९६६ रोजी ती अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. 'एंटरप्राइज' नावाचं अंतराळयान, कॅप्टन कर्क, मिस्टर स्पॉक, डॉक्टर मॅकॉय आणि दर आठवड्याला नवा ग्रह, अशी तिची साधी मांडणी.

प्रेक्षकसंख्या मात्र वाहिनीला हवी तेवढी नव्हती. दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद होणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या जोडप्याने पत्रमोहीम उभी केली. वाहिनीच्या कार्यालयात पत्रांचा पाऊस पडला आणि मालिकेला तिसरा सीझन मिळाला. १९६९ मध्ये ७९ भागांनंतर ती बंद झालीच.

पण इथून एक वेगळी गोष्ट सुरू झाली. जुने भाग अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा लागायला लागले आणि चाहते कमी होण्याऐवजी वाढत गेले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात या चाहत्यांचं मोठं संमेलन भरलं. आयोजकांनी काही शे लोक येतील असं धरलं होतं, आले हजारो. १९७६ मध्ये तर 'नासा'च्या पहिल्या चाचणी स्पेस शटलला एंटरप्राइज हे नाव मिळावं म्हणून चाहत्यांनी थेट व्हाइट हाऊसला पत्रं पाठवली आणि ते नाव मिळवलंसुद्धा.

इतके लोक मागणी करत असतील तर मालिका परत का आणू नये, असा विचार पॅरामाऊंटने केला. १९७७ मध्ये नव्या मालिकेची घोषणा झाली. नाव ठरलं 'स्टार ट्रेक : फेज टू'. आणि या मालिकेसाठी एका नव्या पात्राची निर्मिती झाली. लेफ्टनंट आयलिया.

आयलिया कोण होती?

आयलिया ही डेल्टा ग्रहावरची. या ग्रहाच्या लोकांच्या डोक्यावर केस नसतात. समोरच्याच्या भावना त्यांना जाणवतात आणि त्यांच्याबद्दल इतरांना विलक्षण आकर्षण वाटतं. म्हणूनच माणसांसोबत काम करताना त्यांना ब्रह्मचर्याची शपथ घ्यावी लागते. यानाचा मार्ग ठरवणारी नॅव्हिगेटर ही तिची जबाबदारी. यानावरच्या विल डेकर या अधिकाऱ्यासोबत तिचं जुनं प्रेमप्रकरणही होतं.

१९७७ च्या अखेरीस या भूमिकेसाठी पर्सिसची निवड झाली. तिच्याशी पाच वर्षांचा करार झाला. मालिका चालली असती तर आयलिया स्पॉक किंवा सुलूसारखंच दर आठवड्याला घरात येणारं पात्र ठरली असती.

पण त्याच वर्षी 'स्टार वॉर्स' आणि 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' हे दोन चित्रपट तुफान चालले. विज्ञानकथेला मोठ्या पडद्यावर गर्दी होते हे स्टुडिओला दिसलं. मालिका रद्द झाली आणि तिच्या पहिल्या भागासाठी लिहिलेल्या कथेचाच चित्रपट करायचं ठरलं.

पर्सिसची भूमिका कायम राहिली. बदललं ते भूमिकेचं आयुष्य. मालिकेत आयलिया वर्षानुवर्षं दिसणार होती. चित्रपटात तिची गोष्ट दोन तासांत संपणार होती.

केसांचा विमा आणि रोजचा वस्तरा

शूटिंग ऑगस्ट १९७८ मध्ये सुरू झालं. दिग्दर्शक होते 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 'द साऊंड ऑफ म्युझिक'वाले रॉबर्ट वाइज.

केस काढणं हा पर्सिससाठी प्रसिद्धीचा गमतीशीर प्रकार नव्हता. मॉडेल म्हणून तिचं पोट चेहऱ्यावर आणि केसांवर चालत होतं. ते परत तसेच येतील का, ही धास्ती खरी होती. म्हणून केसांचा विमा काढायचा विचारही झाला. पण केस पूर्वीसारखे आले की नाही हे सिद्ध कसं करायचं, या प्रश्नावर तो विचार सोडून द्यावा लागला.

शूटिंग लांबत गेलं आणि तेवढे दिवस डोक्यावरून वस्तरा फिरत राहिला.

एकाच चित्रपटात दोन भूमिका

'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' ७ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. (ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : पुढे कथा उघड होते.)

पृथ्वीच्या दिशेने एक प्रचंड ढग येत असतो. त्याच्या आत 'व्हीजर' नावाचं यंत्र असतं. ते आयलियाला पळवून नेतं आणि तिच्या जागी तिच्यासारखंच दिसणारं यंत्र यानावर पाठवतं. शेवटी कळतं की व्हीजर म्हणजे माणसांनीच पाठवलेलं जुनं व्हॉयेजर-६ हे यान आहे. नावातली काही अक्षरं मळाने झाकली गेलेली असतात. खऱ्या व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ यांचं उड्डाण १९७७ चं, म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यात ती बातमी ताजी होती.

त्यामुळे पर्सिसला दोन पात्रं करावी लागली. आधी भावना ओळखणारी आयलिया आणि मग भावना अजिबात नसलेलं यंत्र. यंत्राच्या आत कुठेतरी खऱ्या आयलियाची आठवण शिल्लक आहे, हे नुसत्या डोळ्यांतून आणि आवाजाच्या चढउतारातून दाखवायचं होतं. या कामासाठी विज्ञानकथा आणि कल्पनारम्य चित्रपटांच्या सॅटर्न पुरस्कारात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं.

चित्रपट संथ आहे, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. तरी जगभरात त्याने जवळपास १४ कोटी डॉलरची कमाई केली. १९८० च्या ऑस्कर सोहळ्यात पर्सिस पुरस्कार द्यायला मंचावर गेली. ऑस्कर प्रदान करणारी ती पहिली भारतीय नागरिक मानली जाते.

चाहते नेमके कशावर भांडतात?

पहिला वाद भूमिकेचा. एका गटाला वाटतं, खऱ्या आयलियाला काही मिनिटांत संपवून पटकथेने पर्सिसवर अन्याय केला. दुसऱ्या गटाच्या मते तिचं खरं काम यंत्राच्या रूपातच दिसतं आणि चित्रपटाचा भावनिक भार तिच्याच खांद्यावर आहे.

दुसरा वाद भारताचा. १९६७ च्या 'स्पेस सीड' या भागात खान नूनियन सिंग नावाचं पात्र आलं. तो उत्तर भारतातला शीख असावा असं त्या भागात म्हटलं आहे. पण भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान यांनी. बारा वर्षांनी खरीखुरी भारतीय अभिनेत्री आली, तर तिला परग्रहावरची केलं. रॉडनबेरींच्या भविष्यात सगळ्या देशांचे लोक एकत्र काम करतात, मग त्यात भारतीय चेहऱ्याचा भारतीय माणूस का नव्हता, हा प्रश्न भारतीय चाहत्यांना जास्त टोचतो. दूरदर्शनवर १९८० च्या दशकात मूळ मालिका पाहून मोठी झालेली पिढी तर हा मुद्दा हमखास काढते.

तिसरा वाद सगळ्यात रंजक. १९८७ मध्ये 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही नवी मालिका आली. तिच्यात विल रायकर नावाचा अधिकारी आणि भावना ओळखू शकणारी डियाना ट्रॉय होती. दोघांचं जुनं प्रेमप्रकरण. ओळखीचं वाटतं ना? डेकर आणि आयलिया यांच्याच साच्यावर ही जोडी बेतलेली होती.

इतकंच नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत पटकथालेखकांचा संप झाला. नव्या कथा हातात नव्हत्या, तेव्हा 'फेज टू'ची एक जुनी पटकथा बाहेर काढली गेली. नाव 'द चाइल्ड'. मूळ पटकथेत ही गोष्ट आयलियाची होती. पडद्यावर ती ट्रॉयची झाली.

ट्रॉयची मालिका सात सीझन चालली. पर्सिसने ज्या पात्रासाठी डोकं भादरलं होतं, त्याचा वारसा केस न कापता दुसरीला मिळाला, असं चाहते गमतीने म्हणतात. गमतीत थोडी हळहळही असते.

त्यानंतर काय झालं?

१९८० मध्येच जर्मनीत पर्सिसच्या गाडीला मोठा अपघात झाला आणि डोक्यावर मोठी जखम झाली. १९८१ मध्ये सिल्वेस्टर स्टॅलनसोबतचा 'नाइटहॉक्स' आला, १९८२ मध्ये 'मेगाफोर्स'. दुसरा तिकीटबारीवर जोरात आपटला. १९८३ मध्ये, पस्तिशीच्या आतबाहेर असताना, तिच्यावर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली.

हॉलिवूडमध्ये परदेशी दिसणाऱ्या अभिनेत्रींसाठी तेव्हा भूमिकाच मोजक्या होत्या. त्यात एवढं आजारपण. १९८५ मध्ये ती मुंबईला परतली आणि 'शिंगोरा' या हिंदी मालिकेत दिसली. नंतर अमेरिकन मालिकांत छोट्या भूमिका केल्या. १९९३ मध्ये सुपरमॅनवरच्या 'लोइस अँड क्लार्क' मालिकेच्या पहिल्या भागात ती होती.

१९९७ मध्ये तिने 'प्राइड ऑफ इंडिया' हे मिस इंडिया विजेत्यांवरचं पुस्तक काढलं. ते मदर तेरेसांना अर्पण केलं होतं आणि मानधनाचा काही भाग त्यांच्या संस्थेला द्यायचं ठरवलं होतं.

१७ ऑगस्ट १९९८ रोजी छातीत दुखू लागल्याने तिला मुंबईत रुग्णालयात नेलं. दुसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने तिचं निधन झालं. वय होतं अवघं ४९.

मग आज तिची आठवण का काढायची?

कारण मालिका अजून संपलेली नाही. १९७९ ते २०१६ या काळात 'स्टार ट्रेक'चे १३ चित्रपट आले आणि त्यातला पहिला पर्सिसचा होता. रॉबर्ट वाइज यांनी २००१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. २०२२ मध्ये ती आणखी स्वच्छ चित्रासह पुन्हा आली. संथ म्हणून नाकारलेला हा चित्रपट नव्या प्रेक्षकांनी नव्याने पाहिला आणि पर्सिसच्या कामावरची चर्चाही पुन्हा सुरू झाली.

त्या काळी असा चित्रपट पाहायला मुंबई किंवा पुणे गाठावं लागायचं. आज रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात बसलेला एखादा मुलगाही तो मोबाईलवर पाहू शकतो. त्याने पाहिलाच, तर टकलापाशी थांबू नये. यंत्र झालेली आयलिया डेकरचं नाव उच्चारते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहावं. चाहते जिच्यावर इतकी वर्षं वाद घालतात, ती अभिनेत्री तिथे दिसते.